चौथ्या दाण्यापुढं

आमच्या घरात दगड कपाटात राहायचे आणि माझी लुगडी दांडीवर. नवा पाहुणा आला की चपला काढता काढता विचारायचा, बांधकाम काढलंय का. हे नुसते हसायचे. हे म्हणजे माझे यजमान, राघवेंद्रराव. धाराशिवच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. निजामाच्या राज्यात हैदराबादेला जाऊन बी.एस्सी. झालेले, आणि तेही सगळं उर्दूतून. वनस्पतिशास्त्राला ते शेवटपर्यंत नबातियातच म्हणायचे. संस्थान विलीन झालं, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, आणि ज्या भाषेत यांनी रात्रंदिवस घोकलं ती भाषा दोन-तीन वर्षांत निकामी झाली. पुण्या-सोलापूरकडून नवे मास्तर आले. ते यांच्या पदवीचा कागद हातात घ्यायचे आणि उलटसुलट करून परत द्यायचे. यांना ते फार लागायचं, पण बोलून दाखवायचे नाहीत. बोलून दाखवायचं खातं माझ्याकडे होतं.

पंचावन्न साली अणदूरच्या सिद्रामप्पांनी शेतात विहीर काढली. त्यांचा मुलगा महालिंगप्पा आमच्या यांच्याच वर्गात होता, म्हणून ओळख. दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल, खणल्यावर काळा पाषाण लागला. तो सुरुंगानं फोडला, तर खाली हातभर जाडीचा राखी थर निघाला, पाटीचा दगड असतो तसे पापुद्रे सुटणारा. त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण. त्या राखी थरातला एक दगड सिद्रामप्पा धोतराच्या सोग्यात बांधून मोटारीनं आमच्याकडे घेऊन आले.

"मास्तर, दगडाला शेंग लागलीया," ते म्हणाले. "आता आमच्या रानात आनिक काय काय पिकंल ते खंडोबालाच ठावं."

खरंच शेंग होती. चपटी, हाताच्या पंजाएवढी. तीन दाणे अगदी स्पष्ट वर आलेले, चौथा अर्धा दिसत होता, आणि पुढचं सगळं एका पांढऱ्या, चुन्यासारख्या कडक खपलीखाली गेलेलं. यांनी तो दगड दोन्ही हातांत धरला आणि सिद्रामप्पांना चहा विचारायचंसुद्धा विसरले. मीच केला चहा. असल्या गोष्टी मी तेव्हापासून मनात ठेवत आले, काय करणार.

रात्रीच्या जेवणाला यांनी मला सगळं समजावून सांगितलं. ऐकणारं दुसरं होतं कोण? आम्हाला मूलबाळ नव्हतं.

"हा काळा पाषाण म्हणजे जमिनीच्या पोटातून आलेला तापलेला रस," हे म्हणाले. "एकदा आला, पसरला, थिजला. मग लाखो वर्षं शांतता. पाऊस पडला, तळी साचली, काठानं झाडं वाढली. त्यांच्या शेंगा गाळात पडल्या. मग पुन्हा रस आला आणि सगळं झाकून गेला."

"म्हणजे झाडं जळाली."

"जळाली. गाळात पडलेलं तेवढं राहिलं."

यांनी हैदराबादेच्या लायब्ररीतल्या एका जाड ग्रंथावरून दोन शेंगांची चित्रं उतरवून आणली होती. त्यातलं एक यांनी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. म्हणाले, या घराण्यातली झाडं आज जगात दोनच ठिकाणी उरलीत. एक पश्चिम आफ्रिकेच्या दाट जंगलात, त्याची शेंग सहा दाण्यांची आणि टोकाला चोच. दुसरं मलायाच्या बाजूला, त्याची शेंग चार दाण्यांची आणि टोक बोथट. भिंतीवर लावलं होतं ते आफ्रिकेतलं.

"दाणे जड. पाण्यात बुडतात, वारा नेत नाही, पाखरं खात नाहीत," हे म्हणाले. "मग आफ्रिकेतलं झाड समुद्र ओलांडून आपल्या धाराशिवात आलं कसं?"

"अंगणातली चिंच आली तसं. तुम्हीच सांगितलंत ना, चिंचसुद्धा मूळची तिकडचीच म्हणून."

"चिंच माणसानं आणली. हे झाड होतं तेव्हा माणूसच नव्हता."

"मग?"

"मग दोन्हीकडची जमीन जोडलेली असणार. नाहीतर जमीनच चालत आली असणार." हे शेवटचं वाक्य यांनी आवाज खाली आणून म्हटलं, कारण जमीन चालते म्हणणाऱ्याला तेव्हा मोठमोठे लोक हसायचे. मी हसले नाही. मी स्वतः घर न सोडता निजामाच्या राज्यातून हैदराबाद स्टेटात आले होते आणि पुढच्याच वर्षी मुंबई राज्यात जाणार होते. एवढं सगळं बसल्या जागी होतं, तर जमिनीनं थोडं चालायला काय हरकत होती?

सगळं त्या खपलीवर येऊन थांबलं होतं. चौथ्या दाण्यापुढं शेंग संपत असेल तर ती पूर्वेकडची. अजून दोन दाणे आणि चोच असेल तर आफ्रिकेतली. आफ्रिकेतली निघाली तर, हे म्हणायचे, सगळ्या हिंदुस्थानात असा पुरावा दुसरा नाही.

मग सुई सुरू झाली. शाळेतून आले की हे खिडकीत बसायचे आणि सुईच्या टोकानं ती खपली खरवडायचे. एका बैठकीत मोहरीएवढा चुरा निघायचा. तो चुरासुद्धा पुडीत बांधून ठेवायचे. दोन वर्षं हे चाललं. डोळ्यांतून पाणी गळायचं, चष्म्याचा नंबर वाढला, आणि खपली होती तिथंच. माझा जीव तुटायचा आणि संतापही यायचा. सांगून ठेवलेलं होतं, दगडाला कुणी हात लावायचा नाही. झाडताना मी कपाटाच्या पायाशीसुद्धा केरसुणी हळू फिरवायची.

सत्तावन्न साली दोन गोष्टी झाल्या. एका नव्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची जागा निघणार असं कळलं. आणि पुण्याच्या एका प्राध्यापकांनी यांच्या पत्राला उत्तर दिलं, की मार्गशीर्षात आमच्याकडे पाचसात जाणकार जमणार आहेत, तेव्हा दगड घेऊन या. त्यांनी बरं म्हटलं असतं तर ती जागा यांचीच होती. उर्दूतून शिकलेला म्हणून मग कुणी कागद उलटसुलट केला नसता. हे त्या पत्राची घडी खिशात घेऊन शाळेत जायचे. मी पाहिलंय.

पण खपली निघाली नव्हती. आणि त्यातच परीक्षेच्या कामाला यांना आठ दिवस परांड्याला जावं लागलं.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दारावर नागम्मा आली. ती पाथरवटीण, आळंदकडची, बोलण्यात निम्मं कानडी. वर्षातून एकदा यायची, जात्याला आणि पाट्याला टाकी लावायला. दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत होते, मग पीठ नीट पडत नाही, म्हणून टाकीनं ती पुन्हा खडबडीत करून घ्यावी लागते. नागम्माचा हात फार हलका होता. दगडावर आधी बोटाची पेरं फिरवायची, डोळे मिटून, आणि मगच हातोडी उचलायची.

जातं झालं, पाटा झाला. ती हत्यारं गुंडाळायला लागली आणि माझ्या डोक्यात ते आलं. कपाट उघडून मी दगड बाहेर आणला.

"नागम्मा, एवढी पांढरी खपली काढून देशील? खाली शेंग आहे. तिला धक्का लागता कामा नये."

तिनं पेरं फिरवली. "शेंग कोन केली, अक्का?"

"देवानं."

"मंग देवाचं काम हाय. नीट करते मी."

खपलीखाली शेंग कुठवर जाते हे तिला कळावं, टाकी भलतीकडे पडू नये, म्हणून मी भिंतीवरचं चित्र काढून तिच्यासमोर ठेवलं. "खाली अशी असणार बघ," म्हटलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती, आणि मी ती काळजीपोटी केली. मग मी आत गेले, कारण टाकीवालीला जेवल्याशिवाय पाठवायचं नसतं आणि माझ्या भाकऱ्या व्हायच्या होत्या. बाहेर टकटक चालू होती. मला बरं वाटत होतं. यांची दोन वर्षांची सुई मी एका दुपारी संपवत होते.

बाहेर आले तेव्हा शेंग पूर्ण झाली होती. सहा दाणे. टोकाला चोच. नागम्मानं कुरुंदाच्या, म्हणजे धार लावायच्या दगडाच्या, पुडीनं तो भाग घासून मऊ केला होता, आणि टाकी लावून झाल्यावर जात्याला लावतात तसं त्याला हळदकुंकू लावून ठेवलं होतं.

"खाली अशीच होती ना?" मी विचारलं.

"थोडी होती, थोडी मोडली होती," ती म्हणाली. "मोडकं घरात ठिवू नये, अक्का. आमी दगडाचं काम अर्धं सोडत न्हाय. तुमी दावली तशी पुरी केली बगा." आणि मन भरून हसली.

मी तिला रागावले नाही. जेवायला वाढलं, जुनं लुगडं दिलं. ती गेल्यावर हळदकुंकू धुऊन काढलं आणि दगड कपाटात ठेवला. थोडी होती, असं ती म्हणाली होती. त्यातलं मला हवं तेवढं मी धरून ठेवलं. थोडी होती म्हणजे होतीच. हे म्हणत होते तशीच होती, नागम्मानं जरा उजळली एवढंच. माणसाला स्वतःची समजूत काढायला फार वेळ लागत नाही, मला संध्याकाळपर्यंत पुरला.

हे परांड्याहून आले, कपाट उघडलं, आणि खालीच बसले.

"लिंबाच्या पाण्यात ठेवला होता," मी म्हटलं. "रागावू नका. चुना लिंबानं विरघळतो, म्हणून ठेवून बघितला. खपली आपोआप सुटली."

हे रागावले नाहीत. भिंग घेऊन अर्धा तास पाहत राहिले. आता तुम्ही म्हणाल, भिंगातून टाकीच्या खुणा दिसल्या नाहीत? त्या दिवशी हे शेंग पाहत होते, दगड पाहत नव्हते. माझ्याकडे पाहिलं तेव्हा यांचे डोळे भरलेले होते. "वनमाला," एवढंच म्हणाले. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मला माझं नाव इतक्या मायेनं तोपर्यंत कुणी घेतलं नव्हतं. नंतर चार दिवस हे बाकीचे दगडही लिंबाच्या पाण्यात ठेवून बघत होते. कशाचीच खपली सुटली नाही. "ज्याचा त्याचा गुण," हे म्हणाले, आणि मी लिंबांची सालं गोळा करून बाहेर टाकली.

मार्गशीर्षात हे पुण्याला गेले. येडशीहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी आणि पुढं मोठ्या गाडीनं. दगड पत्र्याच्या डब्यात, माझ्या मऊ लुगड्यात गुंडाळलेला. चौथ्या दिवशी दुपारी परत आले. डबा कट्ट्यावर ठेवला, पाय धुतले, पाटावर बसले. मी वाढलं. अर्धं जेवण झालं.

"त्यांना टाकीच्या खुणा दिसल्या," मग म्हणाले.

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं.

"चौथ्या दाण्यापुढचं सगळं कोरलेलं आहे म्हणाले. आणि खाचांमधे लाल कण सापडले. मी म्हटलं, लोह असेल, आपल्याकडच्या दगडात असतं. त्यांनी एक कण ओला करून कागदावर घासला. कागदावर रंग उतरला."

कुंकू. मी तीनदा धुतलं होतं.

"त्यांनी विचारलं, हा साफ कुणी केला. मी म्हटलं, मीच."

"तुम्ही?"

"पत्रातही तसंच लिहिलं होतं मी. काय लिहू दुसरं? बायकोनं लिंबाच्या पाण्यात ठेवला म्हणून? आधीच ते मला उर्दूवाला म्हणून बघतात." यांनी भाताची शितं बोटानं एका कडेला केली. "एक जण म्हणाला, थोडं कोरलंय तर बाकीच्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा. मला चहा दिला, आणि दगड परत दिला."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. ओठांवर आलं होतं, देवाशपथ. पण हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्यांचं काहीतरी चुकलंय. मोठी माणसं आहेत, चुकलं तरी कबूल करणार नाहीत. तो दगड कसा साफ झाला, हे सगळ्या जगात तुला एकटीला ठाऊक आहे. तेवढं मला पुरे."

मी विचारलं, अजून आमटी वाढू का.

कॉलेजातली जागा दुसऱ्याला मिळाली. पुण्याची हकीकत आम्ही सांगायच्या आधीच गावात पोचली. शिक्षकांच्या खोलीत यांच्या टेबलावर कुणीतरी एकदा भुईमुगाची शेंग ठेवली, तिच्यावर कोरायला टाचणीही ठेवली. हे दगडांसाठी नव्या विहिरी बघायला जायचे बंद झाले. सिद्रामप्पांच्या विहिरीला पाणी लागलं होतं, तो राखी थर पाण्याखाली गेला होता, तिथं जाऊन आता काही दाखवता येणार नव्हतं. यांनी पुण्याला सात पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. दर पत्र टाकायच्या आधी मला वाचून दाखवायचे आणि विचारायचे, बरोबर आहे ना. मी म्हणायची, बरोबर आहे.

नागम्मा पुन्हा आली नाही. दोन वर्षं मी जात्याला दुसऱ्या कुणाकडून टाकी लावून घेतली नाही. पीठ जाडंभरडं पडायचं, हे मुकाट्यानं खायचे. मग गावात गिरणी आली आणि जातं भिंतीशी उभं राहिलं.

यांचा ताठा मात्र गेला नाही. आपल्यावर अन्याय झाला, एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर हा माणूस नऊ वर्षं सरळ उभा होता. मी रोज पाहत होते आणि रोज गप्प बसत होते. सांगितलं तर यांचं नाव थोडं धुतलं जाईल, पण पायाखालचं सगळं निघून जाईल, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे मला भीती वाटायची. यांनी परत माझ्याकडे कधी तसं पाहिलं नसतं.

सहासष्ट साली, ऐन उन्हाळ्यात, महालिंगप्पा घरी आला. आता तो औरंगाबादेला लेक्चरर होता, अंगानं भरला होता, पण दारातच वाकून यांच्या पायाला हात लावला. हे तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. डोळे बरेच अधू झाले होते.

"सर, माकणीला एक विहीर निघाली," तो म्हणाला. त्यानं पिशवीतून कापूस लावलेला खोका काढला. आत राखी दगड होता आणि दगडात शेंग. खपली नाही, मोड नाही, देठापासून टोकापर्यंत सगळी. चार दाणे. टोक बोथट.

यांनी तो दगड डोळ्यांजवळ नेला आणि मग बोटानं चाचपला. एक, दोन, तीन, चार, असं मोजलं. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते.

"ही पूर्वेकडची," हे म्हणाले.

"व्हय सर. मलायाच्या झाडाची बहीण. आणि दुसरं म्हणजे, जमीन सरकते हे आता बाहेरच्या देशांतले लोक मानायला लागलेत. समुद्राच्या तळाची मापं घेतलीत. तुम्ही वर्गात आम्हाला अकरा वर्षांमागं सांगितलं होतं, ते आठवलं मला."

यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. झटकन उठले, चाचपडत कपाटापाशी गेले आणि आपला दगड काढून महालिंगप्पाच्या दगडाशेजारी ठेवला.

"मग तर झालंच," हे म्हणाले. "तुझी चार दाण्यांची, माझी सहाची. दोन वेगळ्या जाती. एकाच थरात एक आफ्रिकेची आणि एक पूर्वेची. म्हणजे दोन्हीकडची झाडं आपल्या या जमिनीवर एकत्र होती, आणि मग ती दोन्हीकडं पांगली. महालिंगप्पा, हे फार मोठं आहे. तू लिहितोयस त्यात माझा दगड घाल. बाहेरदेशी पाठव. आता ते बघतील."

महालिंगप्पा खाली बघत राहिला. पुण्याची गोष्ट त्यालाही माहीत होती, सगळ्यांनाच होती.

"सर," शेवटी तो म्हणाला, "मला लिहावं लागेल की या जिल्ह्यातून आधी एक नमुना आला होता. तो... तो ग्राह्य धरला नाही, असं एक वाक्य लिहावं लागेल. मी तुम्हाला विचारल्याशिवाय लिहिणार नव्हतो. म्हणून आलो." आणि मग अगदी हळू, "सर, तुम्ही तसं का केलंत?"

"मी काही केलेलं नाही," हे म्हणाले. "हिला विचार. लिंबाच्या पाण्यानं खपली सुटली. वनमाला, सांग त्याला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. यांना मी नीट दिसतसुद्धा नसेन, पण तोंड माझ्याकडे होतं, आणि तोंडावर पूर्ण विश्वास होता. आता गप्प बसले असते तर हे तो दगड घेऊन पुन्हा जगासमोर उभे राहिले असते, आणि जग पुन्हा हसलं असतं.

मी कप खाली ठेवले आणि सांगितलं. नागम्मा, टाकी, भिंतीवरचं चित्र, कुरुंदाची पूड, हळदकुंकू. थोडी होती, थोडी मोडली होती, हेही. सांगून झाल्यावर मी यांच्या पायाशी बसले. हे ओरडले असते, उठून निघून गेले असते, तर बरं झालं असतं.

महालिंगप्पा पुढं सरकला. "सर, मी पुण्याला लिहितो. घडलं ते सगळं लिहितो."

"मी साफ केला म्हणून माझ्या सहीचं पत्र आहे त्यांच्याकडं," हे म्हणाले. "आता काय लिहिशील? फसला तेव्हा बायकोवर ढकललं, असं म्हणतील. राहू दे." त्यांनी हात हलवून तो विषय बाजूला सारला. त्याच्यात त्यांना आता गोडी उरली नव्हती. मग माझ्याकडे वळले.

"खपली निघाली," हे म्हणाले, "आणि टाकी अजून शेंगेला लागली नव्हती. तेव्हा चौथ्या दाण्यापुढं काय होतं?"

मला आधी प्रश्नच समजला नाही.

"पाचवा दाणा होता का? थोडी होती म्हणाली ना ती. थोडी म्हणजे किती? की चौथ्यालाच संपली होती, महालिंगप्पाच्या शेंगेसारखी?" आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्या मागच्या मुलाला विचारतात तसं, धीर देऊन विचारत होते. "तू होतीस ना तिथं. जरा आठवून बघ."

"मी नव्हते," मी म्हटलं. "मी आत होते. चुलीपाशी."

"एकदाही बाहेर आली नाहीस?"

"नाही."

"तिला विचारलंसही नाहीस."

"नाही."

हे मान हलवत राहिले. मग टेबलाजवळ जाऊन आपली जुनी वही उघडली, शेंगेचं स्वतः काढलेलं चित्र शोधलं, पाचवा आणि सहावा दाणा आणि ती चोच पेन्सिलीनं खोडली, आणि तिथं काहीच काढलं नाही. महालिंगप्पानं पुढं आळंदकडं जाऊन नागम्माचा तपास केला. ती चार वर्षांमागंच वारली होती. त्याच्या लेखात ते वाक्य छापून आलं. हे म्हणाले, बरोबर लिहिलंय, नमुना धरण्यासारखा नव्हताच.

त्यानंतर हे तीन वर्षं होते. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त अधूनमधून, जेवताना नाहीतर देवाला फुलं काढताना, विचारायचे, "काही आठवलं का?" शेवटच्या आजारातही विचारलं. मी दर वेळी खरंच आठवून बघायची. अजून बघते. नागम्माच्या हातातल्या बांगड्या आठवतात, टकटक आठवते, त्या दुपारी मी सात भाकऱ्या थापल्या होत्या आणि शेवटची करपली होती, तेही आठवतं. शेंग आठवत नाही. मी ती पाहिलीच नव्हती.